बसऱ्याहून न परतलेल्या पणजोबांची जागा कशी शोधायची

ताई, तुमचा प्रश्न मी तीनदा वाचला. पणजोबा रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातले, ‘जर्मनच्या लढाईत’, म्हणजे पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या बसऱ्याला गेले. १९१६ च्या शिमग्याच्या सुमारास त्यांचं एक पत्र घरी पोचलं, तेच शेवटचं. आता घरात फक्त एक चांदीचं पदक आहे. त्याच्या कडेवर इंग्रजीत काही कोरलंय, त्यातलं ‘११७’ आणि ‘मराठा’ एवढं तुम्हाला वाचता येतं. त्यांना जिथे पुरलं तिथली मूठभर माती आणावी, अशी वडिलांची इच्छा आहे आणि वडिलांचं वय झालंय.

मी एका पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात क्लार्क होतो, हवालदार होऊन निवृत्त झालो. गेली चौदा वर्षं अशीच कुटुंबं माझ्याकडे येतात. त्या अनुभवातून सांगतो, आणि सुरुवात अवघड गोष्टीपासून करतो, कारण ती शेवटी कळली तर जास्त लागते.

पणजोबांना बहुधा पुरलंच नसेल. हिंदू शिपायाचं दहन करायचं आणि मुसलमान व ख्रिस्ती शिपायाला पुरायचं, असा फौजेचा रिवाज होता. लढाईच्या धामधुमीत तो नेहमीच पाळता आला असं नाही, पण जिथे जमलं तिथे पाळला गेला. दहन झालं की कबर उरत नाही. म्हणून ‘कबर कुठे आहे’ या एका प्रश्नाचे आपण तीन प्रश्न करू. ते वारले कुठे? त्यांच्या देहाचं काय झालं? आणि त्यांचं नाव कुठे लिहिलंय? या तिन्हींची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणांची असू शकतात. हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले की माणसं वर्षानुवर्षं भलतीकडे शोधत राहतात.

आता पदकाकडे वळू. सगळ्यात आधी विनंती, की ते घासू नका. चिंच नको, रांगोळी नको, पितळ चकाकवायचं पॉलिश तर मुळीच नको. दसऱ्याला पूजेत ठेवायचं म्हणून घासून घासून कडेची अक्षरं गुळगुळीत झालेली पदकं मी खूप पाहिली आहेत. अक्षरं गेली की माणूसच गेला, कारण अनेक घरांत त्यांच्या फौजी ओळखीचा तेवढाच पुरावा असतो. पदक काळ्या कापडावर ठेवा, खोली अंधारी करा, मोबाईलची बॅटरी अगदी आडवी धरा आणि पदक हळूहळू फिरवत कडेचे पाच-सहा फोटो काढा. तिरप्या उजेडात पुसट अक्षरंही उठून दिसतात. कडेवर साधारण या क्रमाने मजकूर असतो: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण.

एका बाजूला पंचम जॉर्ज राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष असेल तर ते ‘ब्रिटिश वॉर मेडल’. तुमचं चांदीचं आहे हे महत्त्वाचं. लढाऊ शिपायांना हे पदक चांदीचं मिळे. फौजेबरोबरचे पाणके, खेचरवाले, हमाल यांना बहुतेक करून तेच पदक ब्राँझचं मिळे. म्हणजे पणजोबा पलटणीतले शिपाई होते, असं धरून चालायला हरकत नाही. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत तळहाताएवढी जाड ब्राँझची तबकडीही शोधा. लढाईत गेलेल्याच्या वारसाला ती मिळत असे. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नसतो. अनेक घरांत तिचा उपयोग काय हे न कळल्यामुळे ती भांड्यांत गेलेली असते.

नंबर मिळाला की तो पलटणीसकटच लिहून ठेवा. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे. त्यामुळे २३४५ नंबरचा शिपाई १०३ व्या पलटणीतही असे आणि ११७ व्या पलटणीतही असे. नुसत्या नंबरावर शोधलं तर परक्याच्या घरात शिराल.

आणखी एक गोंधळ आधीच दूर करतो. ‘११७ वी मराठा’ ही पलटण आज त्या नावाने कुठेच सापडणार नाही. १९२२ च्या फेररचनेत जुने आकडे गेले. १०३ ची पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कामगिरीमुळे ११७ च्या नावाला ‘रॉयल’ ही उपाधीही लागली. आज हा सगळा वारसा मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे आहे आणि तिचं केंद्र बेळगावात आहे. घरच्या एखाद्या कागदावर ‘पाचवी मराठा’ असं दिसलं तर तो दुसरा माणूस आहे असं समजू नका. कागद १९२२ नंतरचा असेल, एवढंच.

आता मुख्य शोध. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या राष्ट्रकुलातल्या सैनिकांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन ठेवतं. हे कमिशन १९१७ मध्ये स्थापन झालं, तेव्हा नावात ‘इम्पीरियल’ होतं. त्याची यादी इंटरनेटवर मोफत पाहता येते. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन कालखंडांतले मृत्यू तिच्यात येतात. मृत्यू लढाईत झाला की पटकीने, याने फरक पडत नाही. आपल्या शिपायांपैकी फार मोठी संख्या आजारानेच गेली.

पण नाव टाकलं आणि माणूस सापडला, असं होत नाही. नावं इंग्रजी जाणणाऱ्या कारकुनाने कानावर पडली तशी लिहिली. जाधवांचं ‘जाधाव’, ‘जाधो’, ‘जादो’ होतं. शिंद्यांचं ‘सिंदे’ होतं, पवारांचं ‘पोवार’, चव्हाणांचं ‘चवान’ किंवा थेट ‘चौहान’, साळुंख्यांचं ‘सालुंकी’. ‘ळ’ तर इंग्रजीत उरतच नाही. पुष्कळांचं आडनावच नाही, नुसतं ‘राम’ किंवा ‘तुकाराम’, आणि पुढे ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, खेड, रत्नागिरी’. या शेवटच्या ओळीत खरा माल असतो. गावांच्या नावांचंही तेच. शिवाय जिल्हे तेव्हाचे धरा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, रायगडचं नाव कुलाबा होतं, आणि सांगलीचा बराच भाग साताऱ्यात मोडायचा. कोल्हापूर आणि सावंतवाडी ही संस्थानं होती, तिथल्या शिपायापुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचं नाव येऊ शकतं.

म्हणून मी नावाने शोधतच नाही. पलटण निवडायची, ‘इंडियन आर्मी’ निवडायचं, पहिलं महायुद्ध निवडायचं आणि त्या पलटणीची अख्खी यादी उतरवून घ्यायची. मग चहाचा कप घेऊन बसायचं आणि एकेक ओळ डोळ्यांनी वाचायची. रत्नागिरी असेल ती बाजूला काढायची, त्यातून खेड, त्यातून तुमचं गाव किंवा शेजारचं गाव. एका संध्याकाळचं काम आहे. यंत्राला ‘सिंदे’ म्हणजे शिंदे हे कळत नाही, तुम्हाला कळतं.

नाव, पलटण, नंबर आणि बापाचं नाव या चारांतली किमान तीन जुळल्याशिवाय ‘हेच आपले’ म्हणू नका. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून ही चूक झाली आहे. घाटावरच्या एका कुटुंबाला मी नाव आणि पलटण जुळली म्हणून एक नोंद दिली. त्यांनी त्या तारखेला श्राद्ध घालायला सुरुवात केली. दोन वर्षांनी पेन्शनचा जुना कागद सापडला आणि त्यावर बापाचं नाव वेगळं निघालं. त्या घरी जाऊन हे सांगणं मला फार जड गेलं. तेव्हापासून बापाचं नाव कळेपर्यंत मी कुणालाही ‘सापडले’ असं म्हणत नाही.

बापाचं नाव घरात कुणाला आठवत नसेल तर तहसील कचेरीत ‘कोतवाल बुक’ पाहा, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना १४. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा वाचणारा माणूस बरोबर न्या. परदेशात मेलेल्याचा मृत्यू त्यात सहसा नसतो, पण भावंडांच्या आणि मुलांच्या जन्मनोंदींतून नावांची साखळी लागते. जमीन असेल तर जुने फेरफार काढा. पणजोबांचं नाव कमी होऊन वारसांचं नाव कधी लागलं ते कळतं, आणि एखाद्या तलाठ्याने ‘लढाईत मयत’ असं कारण लिहून ठेवलेलंही मी पाहिलंय. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये असतील तर त्यांच्या चोपड्याही विसरू नका. पणजी किंवा तिचे दीर तिथे गेले असतील तर कुणाच्या नावाने काय विधी केला, हे त्यात निघू शकतं.

आता तुमच्या पत्राचा धागा धरतो, कारण तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

११७ वी मराठा ही सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनमध्ये होती. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती शत्-अल-अरब नदीच्या मुखापाशी उतरली आणि त्याच महिन्यात बसरा हाती आलं. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली. सप्टेंबरच्या अखेरीस टायग्रिस नदीकाठचं कूत हे गाव घेतलं, मग बगदादच्या दिशेने कूच झालं आणि २२ नोव्हेंबर १९१५ ला टेसिफॉनला तुर्कांशी गाठ पडली. त्या जागेला तिथले लोक सलमान पाक म्हणतात. तिथे चार हजारांवर माणसं मेली आणि जखमी झाली, फौज मागे हटली आणि कूतमध्ये येऊन थांबली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी कूतला वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. १४७ दिवस, शेवटी घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली.

वेढ्याच्या काळात कूतमधून साधं टपाल बाहेर पडत नव्हतं, बाहेरच्या फौजेशी संपर्क बिनतारी यंत्रावर होता. मग १९१६ च्या शिमग्याला, म्हणजे मार्चमध्ये, तुमच्या घरी पत्र कसं पोचलं? दोन शक्यता दिसतात. एक, पत्र वेढ्याआधी लिहिलेलं होतं आणि वाटेत रखडत आलं. दुसरी, पणजोबा त्या वेळी कूतमध्ये नव्हतेच. टेसिफॉनचे जखमी नदीतून खाली बसऱ्याकडे पाठवले होते, त्यांत ते असू शकतात. किंवा मागाहून आलेल्या भरतीतले असतील आणि कूत सोडवायला निघालेल्या फौजेत गेले असतील. त्या फौजेच्या शेख साद, वादी, हन्ना आणि दुजैला इथल्या लढाया जानेवारी ते मार्च १९१६ मध्ये झाल्या. पत्र स्वतः उरलं नसेल तरी ते कुठून आलं, कुणी वाचून दाखवलं, त्यात ‘दवाखाना’ असा शब्द होता का, हे घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला विचारा. पुरुषांपेक्षा बायकांच्या आठवणीत असे तपशील टिकतात, असा माझा अनुभव आहे. आजच विचारा, दिवाळीची वाट पाहू नका.

कमिशनच्या नोंदीतून मृत्यूची तारीख मिळाली की पत्राशी ताडून पाहता येते. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मधली तारीख असेल तर कूतच्या आतले की बाहेरचे, हा प्रश्न उरतो. एप्रिलनंतरची असेल तर कैद, किंवा अमारा आणि बसरा इथली इस्पितळं. अमाराला १९१७ मध्ये सात मोठी लष्करी इस्पितळं होती. कैद्यांचे हाल फार झाले. भर उन्हाळ्यात वाळवंटातून चालत नेलं, आणि हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं. तिकडच्या मृत्यूंच्या तारखा जपून वाचा. एकाच पलटणीतले खूप जण एकाच दिवशी मेलेले दिसले आणि त्या दिवशी लढाई नव्हती, तर ती तारीख कचेरीत ठरवलेली असू शकते. कैद्यांसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसची १९१४-१९१८ ची कार्डं आणि याद्याही इंटरनेटवर खुल्या आहेत, त्या धीराने चाळा.

तारखेवरून नेमकी जागा काढायची असेल तर पलटणीची युद्धदैनंदिनी लागते. ती लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ९५’ या मालिकेत असते. तिच्यात शिपायांची नावं जवळजवळ नसतात. ‘तीन शिपाई ठार, अकरा जखमी’ असं लिहिलेलं असतं. पण त्या दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती, नदीच्या कुठल्या काठाला होती, हे असतं. कमिशनची तारीख आणि दैनंदिनीतली जागा एकत्र ठेवली की ‘ते वारले कुठे’ याचं उत्तर बहुधा दोन-चार मैलांच्या आत येतं. याहून जवळ जाता येईल असं वचन मी कुणालाही देत नाही.

आता नावाबद्दल. ११७ च्या यादीत तुम्हाला बहुतेकांपुढे ‘बसरा मेमोरियल’ असं दिसेल आणि एक पॅनेल क्रमांक दिसेल. कुटुंबांना वाटतं, त्या पॅनेलवर आपल्या माणसाचं नाव कोरलंय, जाऊन हात लावून येऊ. नाव तिथे नाही. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या ४०,५०० हून अधिक माणसांचं ते स्मारक आहे. १९२९ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. गोऱ्या सोजिरांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची कोरली नाहीत. पलटणीचं नाव लिहून खाली ‘आणि इतके इतर हिंदी शिपाई’ एवढाच आकडा घातला. नावं स्वतंत्र नोंदवहीत होती. आज ती इंटरनेटवर दिसतात, भिंतीवर नाहीत.

फ्रान्समधल्या नव शापेल इथल्या हिंदी स्मारकावर ४,७०० वर शिपायांची आणि मजुरांची नावं एकेक करून कोरली आहेत. तिथे कोरता आली, मग बसऱ्यात का नाही? हा प्रश्न मला आजही टोचतो. कमिशनने नेमलेल्या समितीने २०२१ मध्ये याची कबुली दिली. आफ्रिका, हिंदुस्थान आणि मध्यपूर्वेतल्या किमान १,१६,००० माणसांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानिशी किंवा मुळीच आठवण ठेवली गेली नाही, असं त्या अहवालात आहे. कमिशनने माफी मागितली. याचा तुमच्या कामाला थेट उपयोग असा, की पणजोबांचं नाव यादीत मिळालंच नाही आणि तुमच्याकडे पदक, पेन्शनचा कागद किंवा तबकडी असा पुरावा असेल, तर नाव जोडण्यासाठी कमिशनकडे रीतसर अर्ज करता येतो. स्पेलिंग किंवा गावाचं नाव दुरुस्त करून घेण्यासाठीही करता येतो. उत्तर यायला महिने लागतात, पण येतं.

नोंदीत ‘अमारा’ असं आलं तर नीट वाचा, तिथे दोन वेगळ्या जागा आहेत. अमारा वॉर सिमेटरीतल्या शिळा मातीतल्या क्षारांनी खराब झाल्यामुळे १९३३ मध्येच काढल्या आणि नावांची भिंत बांधली. नदीच्या डाव्या काठावर वेगळं हिंदी कब्रस्तान आहे. तिथे सुमारे ५,००० हिंदी माणसं आहेत, पण कोण कुठे याची पुरी नोंद लष्कराने ठेवलीच नाही.

भारतातल्या कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. बेळगावच्या केंद्राला अर्ज जरूर करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केलात तर बरं. अर्जात ‘शीट रोल’ बरोबर ‘लाँग रोल’ हा शब्द आवर्जून लिहा. शीट रोल म्हणजे शिपायाची सेवापुस्तिका, ती ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात. लाँग रोल म्हणजे भरतीची मोठी नोंदवही, ती जपायची असते. १९१४-१८ च्या बाबतीत फार आशा ठेवू नका, पण विचारल्याशिवाय राहू नका. दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये लष्करी इतिहासाचं संशोधन केंद्र आहे, तेही पाहा. पंजाबच्या तीन लाखांवर शिपायांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या आणि २०२१ पासून त्या लोकांना पाहता येऊ लागल्या. आपल्याकडे तसा साठा हाताशी नाही, म्हणून पंजाबी मित्राला पाच मिनिटांत जे मिळालं ते तुम्हाला मिळालं नाही तर खचू नका.

गावात मात्र जाऊन या. चावडी, शाळा किंवा देवळाच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे का पाहा. ‘या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा मजकुराच्या पाट्या सरकारने गावोगाव लावल्या होत्या. चुन्याखाली किंवा ऑइलपेंटखाली गेलेल्या पाट्या मी स्वतः हाताने साफ केल्या आहेत. त्यावर नावं नसतात, पण तुमच्या गावचा मेलेल्यांचा आकडा तीन असेल आणि कमिशनच्या यादीत त्या गावचे तीन सापडले, तर मोठाच आधार मिळतो.

हे वाचणाऱ्या इतरांचे पूर्वज दुसऱ्या आघाड्यांवर गेले असतील, त्यांच्यासाठी दोन शब्द. इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेलेल्यांची नावं पोर्ट तौफिकच्या स्मारकावर होती. ते पुढे इजिप्त-इस्रायल लढाईत मोडलं आणि १९८० मध्ये कैरोजवळ हेलिओपोलिसच्या कब्रस्तानात नव्याने उभारलं. वायव्य सरहद्दीवर आणि अफगाण लढाईत गेलेल्यांसाठी दिल्लीचं इंडिया गेट पाहा, त्यावर १३,००० वर नावं आहेत. कोकणातले जे खलाशी बोटींवर गेले, त्यांच्यासाठी मुंबईतच मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. खडकीच्या वॉर सिमेटरीत आपले आजोबा असतील म्हणून लोक आधी तिकडे धावतात. ती मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातल्या, इथे वारलेल्या सैनिकांची आहे. परदेशात पडलेला मराठा शिपाई तिथे मिळणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाची स्थिती बरी आहे, शिपायांची नावं कोरली आहेत. ज्यांचं दहन झालं त्यांच्यासाठी वेगळी दहनस्मारकं आहेत. इटलीत सांग्रो नदीकाठी आणि फोर्लीला, इजिप्तमध्ये अल अलामीनला, एरिट्रियात केरेनला, आपल्याकडे इम्फाळला. देह मिळाला नाही त्यांची नावं इटलीत कासिनोच्या स्मारकावर आहेत. १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडलेले माणगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी, त्यांचंही नाव कासिनोवरच आहे. एवढ्या मोठ्या वीराची कबर नाही, तेव्हा आपल्याच माणसाची हेळसांड झाली असं मनात आणू नका. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय युद्धस्मारक आणि त्या त्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस. तिथली कागदपत्रं शाबूत असतात आणि वारसाला मिळतात.

शेवटी मातीचं. बसऱ्याच्या स्मारकाखालची माती आणू नका, असं मी तुमच्या वडिलांना हात जोडून सांगेन. ते स्मारक आधी शत्-अल-अरबच्या काठी होतं. १९९७ मध्ये ते तिथून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब, ओसाड जागी नेऊन उभारलं. पणजोबा त्या जागेवर कधी पोचलेही नसतील. तिकडे जाणं आजही सोपं नाही, आणि वडिलांच्या वयात तर मुळीच नाही. कूत असो की अमारा, शेख साद असो की हन्ना, ही सगळी ठिकाणं टायग्रिसच्या काठची आहेत. पलटण त्या नदीने वर गेली, जखमी त्याच नदीने खाली आले. देहाचं काय झालं या दुसऱ्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर तुम्हाला बहुधा मिळणार नाही, पण दहन नीट झालं असेल तर अस्थी त्याच पाण्यात गेल्या असणार. तुमच्या किंवा ओळखीच्या कुणाचा मुलगा कामानिमित्त इराकला जाणारा असेल तर त्याच्याकडून टायग्रिसचं बाटलीभर पाणी मागवा. एका कुटुंबाने असं पाणी आणून गावच्या नदीत सोडलं, तेव्हा मी काठावर उभा होतो.

आता इतकं करा. पदकाच्या कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवा. पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, वाडीचं नाव, आणि पणजीचं माहेरही कळवा, कारण वारस म्हणून बायकोचं नाव कागदात आलं असेल तर ते उपयोगी पडतं. ११७ ची यादी माझ्याकडे आहे. खेडची नावं मी बाजूला काढून ठेवतो, ती आपण दोघं मिळून वाचू.